मिगचा दांडा आणि टेबलावरची जॉयस्टिक

नाशिकमध्ये वाढलेल्या माणसाला लढाऊ विमान आधी ऐकू येतं आणि मग दिसतं. आवाज आला त्या दिशेला मान वळवावी, तर विमान केव्हाच पुढे निघून गेलेलं असतं. आग्रा रोडवरच्या ओझरला १९६४ मध्ये एचएएल या सरकारी विमान कंपनीचा कारखाना उभा राहिला. तेव्हा यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री होते आणि नाशिकचेच खासदारही होते. तिथे मिग-२१ बनू लागलं आणि विमानाचं नाव गावाला असं चिकटलं, की त्या वसाहतीला लोक आजही ‘ओझर मिग’ म्हणतात. पुढे तिथून मिग-२७ आणि सुखोई-३० बाहेर पडली. ऑक्टोबर २०२५ मध्ये ओझरला बनलेलं पहिलं तेजस मार्क-१ए आकाशात गेलं. त्याच्या तीनच आठवडे आधी, २६ सप्टेंबरला, चंदीगडला हवाई दलाने मिग-२१ला निरोप दिला होता.

माझा भाचा आता हे निवृत्त मिग गंगापूर रोडवरच्या फ्लॅटमध्ये उडवतो. डीसीएस नावाच्या सिम्युलेटरमध्ये मिग-२१ बिस मिळतं, म्हणजे ओझरला बनायचा तोच प्रकार. सुरुवातीला तो कळफलकावर खेळायचा. तेव्हा विमान धावपट्टी सोडता सोडता डावी-उजवीकडे झोकांड्या खायचं. मित्राकडून जॉयस्टिक आणली आणि तेच विमान एका संध्याकाळात शहाण्यासारखं वागायला लागलं. मग त्याने त्याच जॉयस्टिकवर ह्यूई हेलिकॉप्टर घेतलं. ते जागेवर तरंगत ठेवायला गेला, तर पुन्हा झोकांड्या. हात तोच, संगणक तोच, दांडा तोच. विमानाला जमलं ते हेलिकॉप्टरला का जमू नये?

या प्रश्नाच्या मागे गेलं, की सिम्युलेटरमधला खरेपणा नेमका कुठून येतो ते उलगडत जातं. पडद्यावरच्या ढगांचा त्यात फार थोडा वाटा आहे.

बटण आणि रेग्युलेटर

कळफलकाचं कोडं सोपं आहे. दिव्याच्या बटणाला दोनच गोष्टी कळतात, चालू आणि बंद. पंख्याच्या रेग्युलेटरला मधलं सगळं कळतं. कळफलकाची प्रत्येक कळ दिव्याचं बटण असते. उजवा बाण दाबला की सिम्युलेटरला ‘दांडा उजवीकडे’ एवढंच समजतं. किती उजवीकडे, हे सांगायची सोय नाही. म्हणून संगणक कळ दाबलेला वेळ मोजून अंदाज बांधतो आणि वैमानिक टकटक करत बसतो. विमान चालवणं म्हणजे मात्र सतत केलेल्या बारीक दुरुस्त्या. जॉयस्टिक ‘किती’ सांगू शकते, त्यामुळे पहिली मोठी उडी तिथेच पडते. साधीशी जॉयस्टिकसुद्धा कळफलकापेक्षा कितीतरी खरी वाटते ती यामुळे.

दांड्याची लांबी

पुढची पायरी भूमितीची आहे. टेबलावरच्या जॉयस्टिकची मूठ तिच्या बिजागरापासून साधारण १५ सेंटिमीटर उंच असते. ती मधल्या जागेपासून २० अंश कलते असं धरलं, तर मुठीला एका बाजूला जेमतेम ५ सेंटिमीटरचा प्रवास मिळतो. आता हात २ मिलिमीटर थरथरला, आणि तेवढा तर कुणाचाही थरथरतो, तर त्या प्रवासाच्या ४ टक्के हुकूम विमानाला नकळत गेला.

खऱ्या विमानात दांडा वैमानिकाच्या दोन गुडघ्यांच्या मधून वर येतो. त्याचा टेकू खाली, जमिनीजवळ असतो. समजा, मुठीपासून टेकूपर्यंत ६० सेंटिमीटर अंतर आहे. तेवढ्याच २० अंशांसाठी मूठ आता २० सेंटिमीटर सरकते आणि त्याच २ मिलिमीटरच्या थरथरीचा अर्थ १ टक्का उरतो. हात तोच, चूक चौपट कमी. छोट्या पान्याने आणि लांब पान्याने तोच नट फिरवून बघितलेल्या माणसाला हे वेगळं समजवावं लागणार नाही.

म्हणूनच हौशी मंडळी जॉयस्टिक टेबलावरून उतरवतात, खुर्चीला पत्र्याची पट्टी जोडून तिच्यावर बसवतात आणि मुठीखाली १०–२० सेंटिमीटरची नळी घालतात. बघणाऱ्याला हा हौसेचा अतिरेक वाटतो. माझ्या मते सगळ्या खर्चांमध्ये सर्वांत जास्त फरक पाडणारा खर्च हाच. हवेत इंधन भरून घेताना किंवा दुसऱ्या विमानाच्या पंखाला लागून उडताना अर्ध्या टक्क्याच्या दुरुस्त्या कराव्या लागतात. छोट्या दांड्यावर त्या करताच येत नाहीत.

आखूड दांड्यावर सॉफ्टवेअरचा एक उपाय आहे, त्याला वक्र म्हणतात. मध्यापाशी दांडा मंद करायचा आणि कडांना तेज. थरथर कमी होते खरी, पण किंमत मोजावी लागते. मध्यापाशी जे कमी केलं ते कडांना एकदम वाढून येतं, आणि जोरात वळताना दांडा अचानक उसळल्यासारखा वाटतो. खऱ्या मिगमध्येही दांडा आणि शेपूट यांचं नातं बदलतं, पण कुठल्या कारणाने ते बघण्यासारखं आहे.

स्प्रिंग कुठे खरी, कुठे खोटी

चालत्या गाडीच्या खिडकीतून हात बाहेर काढला की वारा तो मागे ढकलतो. ताशी ४० किलोमीटरला जेवढा जोर लागतो, त्याच्या चौपट ८०ला लागतो, कारण वेग दुप्पट झाला की हवेचा रेटा चौपट होतो. जुन्या विमानांमध्ये, उदाहरणार्थ दुसऱ्या महायुद्धातल्या स्पिटफायरमध्ये, वैमानिकाचा हात तारा आणि दांड्यांमधून थेट पंखांच्या झडपांना जोडलेला असायचा. वेग वाढला की दांडा जड होई. सुरुवातीच्या स्पिटफायरच्या पंखांवरच्या कापडी झडपा तर मोठ्या वेगात इतक्या जड होत, की पुढे त्या धातूच्या कराव्या लागल्या. वेग किती, हे त्या वैमानिकाला घड्याळात बघण्याआधी मनगटातून कळायचं.

टेबलावरच्या जॉयस्टिकला हे काहीच कळत नाही. तिच्यात एक स्प्रिंग असते. विमान धावपट्टीवर उभं असो की सूर मारत असो, स्प्रिंग तेवढाच जोर लावते. म्हणजे स्पिटफायरच्या बाबतीत जॉयस्टिक सरळसरळ खोटं बोलते.

मिग-२१ची गोष्ट वेगळी आहे, आणि मला स्वतःला हा भाग सगळ्यात आवडतो. आवाजाच्या दुप्पट वेगाने जाणाऱ्या विमानाचं शेपूट हाताच्या जोरावर हलणं शक्य नाही. ते तेलाच्या दाबावर, म्हणजे हायड्रॉलिक दट्ट्यांनी हलतं. त्यामुळे वाऱ्याचा रेटा दट्ट्यांपाशीच अडतो, हातापर्यंत पोचतच नाही. दांडा तसाच सोडला असता तर तो मेल्यासारखा सैल वाटला असता, आणि वैमानिकाने नकळत इतका ओढला असता की विमान मोडलं असतं. मग रशियन अभियंत्यांनी काय केलं? दांड्याला स्प्रिंग लावली! कृत्रिम जाणीव निर्माण करणारी स्प्रिंग. तिच्या जोडीला एआरयू नावाची स्वयंचलित पेटी बसवली. वेग आणि उंची बघून ती दांडा आणि शेपूट यांच्यामधल्या तरफेची लांबी बदलते. वेग कमी असेल तेव्हा दांडा थोडा ओढला तरी शेपूट बरंच फिरतं. वेग जास्त असेल तेव्हा तेवढ्याच ओढीला शेपूट थोडंसंच हलतं आणि हाताला दांडा घट्ट लागतो.

म्हणजे मिगच्या वैमानिकाच्या हातात जे येत होतं, तेही मुळात स्प्रिंगचंच बोलणं होतं. माझ्या भाच्याच्या जॉयस्टिकने मिगशी जुळवून घेतलं त्याचं कारण हेच. तिथे दोन्हीकडे स्प्रिंग आहे. तरफेचा खेळ सिम्युलेटर आपल्या हिशेबात करून घेतो. उरतो तो एक फरक, ट्रिमचा. विमान सरळ उडत राहावं म्हणून वैमानिक सतत दांडा ओढून धरत नाही. तो मुठीवरचा खटका दाबतो आणि स्प्रिंगची मधली जागाच सरकते. दांडा नव्या जागी जाऊन स्वस्थ बसतो. घरच्या स्प्रिंगची मधली जागा हलत नाही. ट्रिमचा खटका दाबल्यावर खेळाडूला दांडा हळूहळू परत मध्यावर सोडावा लागतो, आणि ही सवय खऱ्या सवयीच्या उलटी आहे.

आता हेलिकॉप्टर. नाशिकला गांधीनगरच्या विमानतळावर लष्कराच्या हवाई दलाची प्रशिक्षण शाळा आहे. २००३ पासून तिथे सेनेचे वैमानिक घडतात. नाशिक रोडच्या लोकांना चीता आणि चेतक हेलिकॉप्टरांची फडफड पाठ आहे. अशा हलक्या हेलिकॉप्टरचा दांडा सोडून दिला, तर तो आपोआप मध्ये येऊन बसत नाही. तो ठेवला तिथे राहतो किंवा हळूच एकीकडे कलतो. जागेवर तरंगताना हेलिकॉप्टरला हवी असलेली दांड्याची जागा मध्यावर नसतेच, थोडी बाजूला असते. जॉयस्टिकची स्प्रिंग मात्र हाताला सतत मध्याकडे खेचते. खेळाडूचे स्नायू स्प्रिंगशी झगडण्यात गुंततात. मध्य ओलांडताना तर जोराची दिशाच उलटते आणि बारीक दुरुस्ती तिथेच बिघडते. भाच्याच्या झोकांड्यांचं उत्तर हे. विमानाच्या बाबतीत खरं बोलणारी स्प्रिंग हेलिकॉप्टरच्या बाबतीत खोटी ठरली.

त्याने दांड्याचं बूड उघडून स्प्रिंग काढली आणि जरा घर्षण राहील एवढं ठेवलं. तीन दिवसांत हेलिकॉप्टर स्थिर झालं.

यावरचा महाग उपाय म्हणजे दांड्यातच मोटारी बसवणं. सिम्युलेटर सांगेल तेवढा जोर मोटार लावते. स्पिटफायर असेल तर वेगाबरोबर जड होते, मिग असेल तर ट्रिमबरोबर मध्य सरकवते, हेलिकॉप्टर असेल तर सैल पडते. २००० सालच्या आसपास मायक्रोसॉफ्टच्या साइडवाइंडर जॉयस्टिकमध्ये हे होतं. मग बाजारातून ही सोय जवळजवळ नाहीशी झाली, आणि अलीकडे छोट्या कंपन्यांनी ती पुन्हा आणली.

एक अजब टोक अमेरिकेच्या एफ-१६ विमानाने गाठलं होतं. त्यात दांडा उजव्या हाताशी बाजूला आहे, आणि सुरुवातीला तो हलतच नसे. हाताने किती जोर लावला एवढंच तो मोजायचा. वैमानिकांना ते मानवेना, म्हणून पुढे त्याला काही मिलिमीटर हलू दिलं. हाताला थोडी तरी हालचाल जाणवल्याशिवाय मेंदू ‘मी काहीतरी केलं’ असं मान्य करत नाही.

खरखर आणि चुंबक

जुन्या रेडिओचा आवाज कमी-जास्त करताना खरखर व्हायची. बटणाच्या आत कार्बनची पट्टी असते आणि तिच्यावरून एक पातं घासत जातं. वर्षानुवर्षं घासून पट्टी झिजते, धूळ बसते आणि खरखर सुरू होते. स्वस्त जॉयस्टिकमध्ये हेच यंत्र असतं. तिथली खरखर कानाला ऐकू येत नाही, पण विमानाचं नाक आपोआप थरथरायला लागतं. ते लपवायला मध्यापाशी ‘काहीच करू नकोस’ असा एक मृत पट्टा ठेवतात. तो ठेवला की नेमक्या सर्वांत नाजूक दुरुस्त्या गिळल्या जातात.

चांगल्या दांड्यांमध्ये चुंबक आणि हॉल सेन्सर असतो. वीज वाहत असलेल्या वाहकाजवळ चुंबक आला की त्यात बारीकसा विद्युतदाब तयार होतो, हे एडविन हॉलने १८७९ मध्ये शोधलं. यात कशालाच काही घासत नाही, म्हणून झीज नाही. शिवाय मोजमापाच्या पायऱ्या वाढवता येतात. ८ बिटच्या यंत्रात पूर्ण हालचालीचे २५६ भाग पडतात, १२ बिटच्या यंत्रात ४०९६. आणखी पुढे गेलं तर हाताला फरक कळत नाही. त्यामुळे खोक्यावरच्या ‘१६ बिट’ला भुलून जास्त पैसे देऊ नयेत. बिजागर ढिलं असेल तर ६५,५३६ पायऱ्यांचा काय उपयोग?

पाय

पायांशिवाय विमान चालत नाही. शेपटावरची उभी झडप, म्हणजे रडर, पायांनी फिरवतात. स्वस्त जॉयस्टिकमध्ये तो मूठ पिळून फिरवतात, पण मनगट पिळताना दांडाही नकळत बाजूला जातो. दोन हुकूम एकमेकांत मिसळतात. पायाशी पेडल आली की हे थांबतं.

मिगच्या बाबतीत मात्र एक गंमत आहे. पाश्चात्त्य विमानांमध्ये पेडलच्या वरच्या भागावर चवडा दाबून ब्रेक लावतात, आणि बाजारातली पेडलही तशीच असतात. मिग-२१चा ब्रेक पायात नाही. दांड्याच्या मुठीवर पुढच्या बाजूला सायकलच्या ब्रेकसारखी पट्टी असते. ती बोटांनी ओढायची, आणि पेडल ज्या बाजूला दाबलं असेल त्या चाकाला ब्रेक जास्त लागतो. म्हणजे महागडी, चवड्याच्या ब्रेकची पेडल घेऊन मिग चालवलं तर खरेपणा कमीच होतो.

पेटीवादकाची बोटं

पेटी वाजवणारा सुरांकडे बघत नाही. बोटांना जागा पाठ असतात, म्हणून डोळे गायकाकडे ठेवता येतात. लढाऊ विमानात डोळे बाहेर ठेवायचे असतील, तर बटणंही अशीच बोटांना पाठ हवीत. त्यातून इंजिनाचा जोर ठरवणारा थ्रॉटल आणि दांडा यांच्यावरचे हात न उचलता सगळं करता येईल अशी रचना आली. तिला होटास म्हणतात. दुसरं कारण शरीराचं आहे. ७० किलोच्या माणसाचा हात साधारण साडेतीन किलोचा. ९ जीच्या, म्हणजे वजन नऊपट करणाऱ्या, वळणात तो तीस किलोंच्या वर भरतो. तो उचलून समोरचं बटण कोण दाबणार?

सिम्युलेटरमध्ये माउसने पडद्यावरचे खटके दाबता येतात, पण तेवढा वेळ नजर आत अडकते. होटासने ही अडचण सुटते. सुखोई किंवा तेजस उडवताना हे अगदी खरं आहे, कारण त्या विमानांतही तसंच आहे. मिग-२१ बिस मात्र जुन्या घडणीचं. त्याचे बरेच खटके फळीवर पसरलेले होते. पुढे ओझरला त्याचं ‘बायसन’ झालं तेव्हा होटास आलं. म्हणजे वीस बटणांच्या मुठीवर जुनं बिस उडवणारा खेळाडू प्रत्यक्ष वैमानिकापेक्षा सुखात असतो. महाग उपकरणाने खेळ सोपा होतो आणि खरेपणा घटतो, असं घडू शकतं.

तीन पिक्सेलचं मिग

आता डोळे. २७ इंची पडदा ६० सेंटिमीटरवर ठेवला, तर तो नजरेचा ५३ अंशांचा भाग व्यापतो. माणसाला आजूबाजूचं धरून १८० अंशांच्या वर दिसतं. म्हणजे खेळाडू घोड्याला बांधतात तशी झापडं लावून लढतो. पडद्यात जास्त जग कोंबलं तर सगळं आक्रसतं. नाही कोंबलं तर शत्रू शेजारून जातो आणि कळत नाही.

मिगचं उदाहरण घेऊन हिशेब करू. पंखांची लांबी ७.१५ मीटर. ५ किलोमीटरवरून समोरून येणारं मिग डोळ्याला साधारण ५ कोनीय मिनिटं रुंद दिसतं, म्हणजे एका अंशाचा बारावा भाग. निरोगी डोळा १ मिनिटाचा तपशील ओळखतो. पण १९२० पिक्सेलच्या पडद्यावर एका अंशात ३६ पिक्सेल मावतात. तेच मिग पडद्यावर तीन पिक्सेल रुंद होतं, आणि सव्वा मीटरच्या आसपासचं त्याचं धड अर्धा पिक्सेल. डोळ्याला जमलं असतं ते पडद्याला जमत नाही. खरं मिग-२१ही त्याच्या चिमुकल्या आकारामुळे शत्रूला उशिरा दिसायचं. पडद्यावर ते जवळजवळ अदृश्य होतं. फोर-के पडदा घेतला की हा आकडा अंशाला ७० पिक्सेलच्या पुढे जातो आणि डोळ्याच्या बरोबरीला येतो.

मान वळवायची सोय दोन प्रकारे होते. टोपीवर लावलेल्या ठिपक्यांवरून कॅमेरा डोक्याची दिशा ओळखतो आणि ती वाढवून सांगतो. मान २० अंश वळली तर खेळातली ९० अंश वळते, कारण डोळे पडद्यावरच राहायला हवेत. डोक्याला लावायच्या व्हीआर चष्म्यात मात्र मान वळते तेवढंच जग वळतं. अंतराचा अंदाज येतो आणि धावपट्टी किती खाली आहे ते जाणवतं. पण आपले हात दिसत नाहीत. तिथे पुन्हा पेटीवादकाची बोटं लागतात.

गीझरचा नळ

न्हाणीघरात गरम पाण्याचा नळ फिरवला की पाणी लगेच गरम होत नाही. आपण आणखी फिरवतो. मग एकदम चटका बसतो, आपण उलटं फिरवतो आणि थोड्या वेळाने पाणी गार. चूक हाताची नसते, पाइपातल्या उशिराची असते. वैमानिक आणि विमान यांच्यामध्ये असाच उशीर शिरला, की प्रत्येक दुरुस्ती जुन्या चुकीवर होते आणि झोके वाढत जातात. दांडा गरजेपेक्षा तीव्र असला तरी झोके असेच वाढतात. २० जानेवारी १९७४ ला एफ-१६चा पहिला नमुना फक्त जमिनीवर जोरात पळवायचा होता. त्याचा न हलणारा दांडा फार तीव्र ठेवलेला होता. विमान डावी-उजवीकडे असं डोलू लागलं, की वैमानिकाने जमिनीवर मोडतोड होण्यापेक्षा ते उडवणंच पसंत केलं, आणि काही मिनिटांनी सुखरूप उतरवलं.

घरच्या संगणकावर उशीर थेंबाथेंबाने साठतो. जॉयस्टिकची केबल, हिशेब, चित्र काढणं, मग पडदा. सेकंदाला ६० चित्रं असतील तर एकेका चित्राला सुमारे १७ मिलिसेकंद लागतात. वैमानिकांच्या अधिकृत प्रशिक्षणाच्या वरच्या दर्जाच्या सिम्युलेटरमध्ये हा एकूण उशीर १०० ते १५० मिलिसेकंदांच्या आत ठेवावा लागतो. म्हणून सेकंदाला ३० सुंदर चित्रांपेक्षा ९० साधी चित्रं विमान जास्त खरं करतात. भाच्याला हे पटायला वेळ लागला, कारण त्याला ढग आवडतात.

> चौकट : पैसे आधी कुठे घालावेत?
> पहिल्यांदा हॉल सेन्सरची, घट्ट बिजागराची जॉयस्टिक घ्यावी. मग ती टेबलावरून उतरवून गुडघ्यांच्या मध्ये बसवावी. ओझरच्या रस्त्यावरचा कुठलाही फॅब्रिकेशनवाला पट्टी करून देईल. त्यानंतर मान वळवायची सोय, मग पेडल. हेलिकॉप्टरची आवड असेल तर स्प्रिंग सैल करता येते की नाही, ते विकत घेण्याआधी बघावं. दांड्याचा मोटारवाला प्रकार सगळ्यांत शेवटी.

खुर्ची आणि भाता

हात, पाय आणि डोळे झाले, पण पाठ राहिली. विमान पडायला टेकतं तेव्हा पंखांवरची हवा फाटते आणि सगळं विमान थरथरतं. वैमानिकाला हे बसण्याच्या जागेतून कळतं. खुर्चीखाली थरथरणारं एक छोटं यंत्र बसवलं, तर ही बातमी घरीही मिळते, आणि डोळे घड्याळाकडे न नेता मिळते.

सिम्युलेटरची सुरुवातच मुळी पाठीपासून झाली आहे. अमेरिकेतल्या एडविन लिंकच्या वडिलांचा ऑर्गन आणि पियानो बनवण्याचा कारखाना होता. ऑर्गनमध्ये भाते आणि हवेच्या झडपा असतात. आपल्या संगीत नाटकांत पायाने भाता मारून वाजवायचा ऑर्गन ज्यांनी पाहिला आहे, त्यांना ते डोळ्यांसमोर येईल. लिंकने १९२९ मध्ये तेच भाते एका लाकडी खोक्याखाली बसवले. दांडा हलवला की भात्यांत हवा भरे किंवा सुटे, आणि खोकं कलंडे. पडदा नव्हता, चित्र नव्हतं. १९३४ मध्ये अमेरिकेच्या लष्कराने ती खोकी घेतली, आणि दुसऱ्या महायुद्धात लाखो वैमानिक त्यांत बसून अंधारात उडायला शिकले.

आज भात्यांच्या जागी सहा पायांचे हलते मंच आहेत. बेंगळुरूला एचएएलच्या हॅट्सऑफ संस्थेत ध्रुव हेलिकॉप्टरचं शिक्षण अशाच मंचावर मिळतं. मंच मागे कलला की पाठ खुर्चीला दाबली जाते, आणि मेंदू ते वेग वाढल्याची खूण म्हणून स्वीकारतो. पण लढाऊ विमानाच्या वळणात वजन सलग अर्धा मिनिट कित्येक पट होतं, आणि ते जमिनीवरच्या मंचाला देता येत नाही. त्यासाठी माणसाला मोठ्या चक्राच्या टोकाशी बसवून गरगर फिरवावं लागतं. तसं यंत्र बेंगळुरूलाच हवाई दलाच्या वैद्यकीय संस्थेत आहे. फ्लॅटमध्ये ते कधीच येणार नाही. भाचा ७ जीचं वळण घेतो आणि त्याच वेळी चहा पितो.

गेल्या दिवाळीत आमच्या शेजारचे काका त्याच्या खुर्चीत बसले. त्यांची सगळी नोकरी एचएएलच्या बसने ओझरला जाण्या-येण्यात गेली. विमान उडवायचं काम त्यांचं नव्हतं. पण जोडलेल्या मिगच्या कॉकपिटमध्ये बसून दांडा पुढे-मागे करून बघायचं काम त्यांनी वर्षानुवर्षं केलं. भाच्याने विमान उतरवून दिलं आणि दांडा त्यांच्या हातात सोपवला. पडद्यावर विमान धावपट्टीवर पळत होतं. काकांची नजर समोर होती, आणि त्यांची बोटं मुठीच्या पुढच्या बाजूला, जिथे काहीच नव्हतं तिथे, ब्रेकची पट्टी ओढत होती.